कॉम्बो सवलत कधी लागते, कधी लागत नाही: बिलिंग सॉफ्टवेअरमधील स्कीमचा दोष कसा शोधावा

सोसायटीच्या तळमजल्यावरचे मिनी मार्ट असो किंवा पेट्रोल पंपाच्या आवारातले छोटे स्टोअर असो, बिलिंग सॉफ्टवेअरच्या मदतीसाठी येणाऱ्या फोनमध्ये एक तक्रार हमखास असते: “स्कीम टाकली आहे, पण बिलात लागत नाही.” स्कीम म्हणजे ऑफरची सॉफ्टवेअरमधली नोंद, आणि कॉम्बो म्हणजे ठरावीक वस्तू एकत्र घेतल्यावर मिळणारी सवलत. याच तक्रारीची आणखीही रूपे आहेत. सकाळी लागलेली सवलत संध्याकाळी त्याच मालावर लागत नाही, एका काउंटरवर मिळते आणि शेजारच्या काउंटरवर मिळत नाही, “तीन साबण १०० रुपयांत” या ऑफरची बेरीज १०० ऐवजी ९९.९९ येते, किंवा ग्राहक कॉम्बोतली एकच वस्तू परत घेऊन आला की किती रुपये द्यायचे यावरून काउंटरवर खोळंबा होतो. मालक वैतागून जुनी स्कीम काढून टाकतो आणि नवी तयार करतो, ती दोन-चार दिवस चालते आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

या दोषांचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. दुकानाबाहेरच्या फलकावर ऑफर एका ओळीत लिहून भागते, पण सॉफ्टवेअरला त्यापेक्षा बरेच अधिक सांगावे लागते: नेमका कोणता माल, किती नगांवर, उरलेल्या नगांचे काय करायचे, दोन ऑफर एकत्र आल्या तर कोणती धरायची, सवलतीची रक्कम कोणत्या ओळीवर टाकायची आणि स्कीम कधीपासून कधीपर्यंत चालवायची. यातल्या ज्या प्रश्नाचे उत्तर आपण भरत नाही, त्याचे उत्तर सॉफ्टवेअर स्वतःच्या ठरावीक सेटिंगप्रमाणे भरून टाकते. म्हणून स्कीम पुन्हा नव्याने टाकून फारसा उपयोग होत नाही. राहून गेलेला प्रश्न कोणता ते शोधावे लागते.

त्यासाठी आधी स्कीमला हात न लावता, ज्या बिलात सवलत लागली नाही ते बिल आणि ज्या बिलात व्यवस्थित लागली ते बिल, अशी दोन्ही बिले शेजारी शेजारी उघडावीत. ग्राहकाला दिलेल्या कागदी प्रतीवर सगळे तपशील नसतात, त्यामुळे स्क्रीनवरचे बिल पाहावे आणि त्यात प्रत्येक ओळीचा आयटम कोड, बॅच (एकाच वस्तूचा, एका किमतीचा किंवा एका आवकेचा साठा), एमआरपी, नगसंख्या, ओळीवरची सवलत आणि काउंटरचा क्रमांक हे रकाने दिसतील असे करून घ्यावे. दोन बिलांमध्ये जो रकाना वेगळा दिसेल, तिथूनच शोध सुरू करावा. मेनूची नावे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये निराळी असतात, परंतु हे रकाने बहुतेक सगळीकडे असतात.

एकच बारकोड, दोन एमआरपी

आपल्याकडच्या दुकानांत सवलत न लागण्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच दिसते. व्यवहारात अनेक उत्पादनांची छापील किंमत बदलते, पण बारकोड तोच राहतो. नवा माल आवक करताना सॉफ्टवेअर नव्या एमआरपीची वेगळी बॅच तयार करते, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तर पूर्ण वेगळा आयटम कोडच तयार होतो. स्कीम तयार करताना ज्या कोडवर किंवा ज्या बॅचवर टिक केलेली असते तिच्यावर ती लागू राहते, आणि नवी बॅच स्कीमच्या बाहेर राहते. ग्राहकाच्या हातात दोन्ही पाकिटे सारखीच दिसतात, काउंटरवरचा मुलगा दोन्ही तितक्याच विश्वासाने स्कॅन करतो, आणि सवलत मात्र एकावर लागते व दुसऱ्यावर लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती काउंटरमागे उभे राहून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन बॅच असलेला बारकोड स्कॅन झाला की स्क्रीनवर लहानशी खिडकी उघडते, तिच्यात दोन्ही एमआरपी एकाखाली एक दिसतात आणि पहिली ओळ आधीच निवडलेली असते. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस पाकिटावरची किंमत न वाचता एंटर दाबतो. त्यामुळे हातात नवे पाकीट आणि बिलात जुनी बॅच, किंवा याच्या उलट, असे होते. सवलत कधी लागते आणि कधी लागत नाही याचा मेळ लागेनासा होतो तो इथे. अशा वेळी स्कीममध्ये काहीच चुकलेले नसते. बॅचनिहाय शिल्लक पाहिली की एका बॅचचा साठा उणे झालेला दिसतो आणि दुसरीचा वाढलेला, आणि तोच याचा पुरावा असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलल्यावर हा गुंता फार वाढला. आंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे आणि चॉकलेट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, आणि फरसाण १२ वरून ५ वर आले. जुन्या मालावर सुधारित किमतीचे स्टिकर लावण्याची मुभा दिली गेली, त्यामुळे कित्येक दुकानांत एकाच वस्तूचा जुनी किंमत, स्टिकरची किंमत आणि नवी छापील किंमत असा तिहेरी साठा तयार झाला. त्याचा कॉम्बोवर काय परिणाम होतो ते एका उदाहरणाने पाहावे. ३८ रुपये एमआरपीचे तीन साबण १०० रुपयांत, अशी स्कीम चालू आहे. तिघांची मूळ बेरीज ११४, म्हणजे सवलत १४ रुपये. कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला की ३८ रुपयांची किंमत हिशेबाने ३३.८१ होते. कंपनीने नवी एमआरपी ३३ छापली, तर तीन साबणांची बेरीज ९९ झाली, आणि स्कीम अजूनही १०० रुपये सांगते आहे. काही सॉफ्टवेअर अशा वेळी सवलत शून्य धरतात, पण ज्यांच्यात ही तपासणी नाही ती उणे एक रुपया सवलत लावतात, म्हणजे ग्राहकाकडून एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला जातो. वेष्टनावरच्या किमतीपेक्षा जास्त घेणे हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि “सॉफ्टवेअरने घेतले” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, एमआरपी वारंवार बदलणाऱ्या मालावर “तीन नग १०० रुपयांत” अशी ठोक किमतीची स्कीम ठेवू नये. “तीन नगांवर १४ रुपये कमी” किंवा “तीन नगांवर १२ टक्के” अशी ठेवावी. ठोक किंमत फलकावर आकर्षक दिसते हे खरे आहे, आणि ती ठेवायचीच असेल तर स्कीममध्ये एमआरपीची अट घालून ती एकाच किमतीच्या मालापुरती मर्यादित करावी. त्यासोबत, स्कीमचा ग्रुप (स्कीम लागू असलेल्या मालाची यादी) बॅचवर न बांधता मूळ आयटमवर बांधावा, आणि आवक करताना नवा आयटम कोड तयार झाला तर तो त्याच ग्रुपमध्ये टाकण्याची जबाबदारी आवक नोंदवणाऱ्याकडेच द्यावी, कारण नवी किंमत सर्वांत आधी तोच पाहतो. “२० टक्के जास्त” लिहिलेल्या जाहिरातीच्या पाकिटांवर पुष्कळदा वेगळा बारकोड असतो. तोही याच नजरेने तपासावा.

नगांची मोजणी आणि उरलेले नग

वरच्याच साबणाच्या स्कीममध्ये, ३८ रुपयांच्या जुन्या मालावर, ग्राहकाने चार साबण घेतले तर बिल किती व्हावे? मालकाच्या मनात १३८ असते, म्हणजे तिघांचे १०० आणि चौथ्याचे पूर्ण ३८. पण स्कीम “दर तीन नगांना” अशी न टाकता “किमान तीन नग” अशी टाकलेली असेल, तर सॉफ्टवेअर चौघांनाही सवलतीचा दर लावते आणि बिल १३३.३३ येते. उलट “दर तीन” ही अट घातली आणि “एका बिलात जास्तीत जास्त किती वेळा” या रकान्यात नकळत १ राहिला, तर सहा साबण घेणाऱ्याला २०० ऐवजी २१४ रुपये पडतात आणि तो फलकाकडे बोट दाखवतो. हे दोन्ही रकाने बहुधा स्कीमच्या दुसऱ्या पानावर असतात आणि रिकामेच सोडले जातात.

९९.९९ चे कोडेही इथेच सुटते. एकाच सुगंधाचे तीन साबण एका ओळीत “३ नग” म्हणून आले तर १४ रुपये सवलत त्या ओळीवर सरळ बसते. तीन वेगवेगळ्या सुगंधांचे साबण असले की ओळी तीन होतात, १४ चे तीन भाग प्रत्येकी ४.६७ असे पूर्णांकित होतात आणि त्यांची बेरीज १४.०१ भरते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेली पैसा-दोन पैशांची तफावत शेवटच्या ओळीवर टाकण्याची सोय असते, म्हणजे ४.६७, ४.६७ आणि ४.६६. ती चालू करावी. बिलाचा राउंड ऑफ (रक्कम जवळच्या पूर्ण रुपयावर आणणे) चालू असला की ग्राहकाला १०० च दिसतात आणि दोष झाकला जातो, पण दिवसअखेर राउंड ऑफच्या खात्यात तो साचत जातो आणि महिनाअखेरीस हिशेब लिहिणाऱ्याला त्याचा उगम सापडत नाही.

सुट्या मालाबाबत एकच सूचना पुरेशी आहे: किलोवर विकल्या जाणाऱ्या साखरेची किंवा डाळीची “नगसंख्या” म्हणजे तिचे वजन असते, त्यामुळे दोन किलो साखरेला सॉफ्टवेअर दोन नग समजते. असा माल नगांच्या ग्रुपमध्ये मिसळू नये.

दोन ऑफर एकाच वस्तूवर

समजा, ४० रुपयांचे थंड पेय आणि २० रुपयांचे चिप्सचे पाकीट मिळून ५० रुपयांत, अशी एक स्कीम आहे, आणि तीच पेये दोन घेतल्यास ६५ रुपयांत, अशी दुसरी आहे. ग्राहकाने दोन पेये आणि एक चिप्स घेतले. पहिली स्कीम धरली तर बिल ९० होते, दुसरी धरली तर ८५. एक बाटली दोन्ही ऑफरमध्ये मोजता येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला एकच निवडावी लागते, आणि कोणती हे स्कीमच्या प्राधान्य क्रमांकावर ठरते. दोन्ही स्कीमना क्रमांक सारखाच असेल किंवा दिलेलाच नसेल, तर काही सॉफ्टवेअर आधी तयार केलेली स्कीम उचलतात आणि काही स्कॅनच्या क्रमावर जातात. चिप्स आणि एक पेय आधी स्कॅन झाले की पहिला कॉम्बो तिथेच जुळतो आणि बंद होतो, मग दुसरी बाटली एकटी उरते. दोन्ही बाटल्या आधी स्कॅन झाल्या तर ८५ चे बिल होते. एकाच मालाची दोन वेगळी बिले होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे आणि त्याचा बॅचशी काहीही संबंध नसतो.

उपाय सोपा आहे. सवलतीचा हिशेब प्रत्येक स्कॅनला न करता पेमेंटचे बटण दाबल्यावर एकदाच व्हावा आणि ग्राहकाच्या फायद्याची जुळणी निवडली जावी, असे सेटिंग असेल तर ते चालू करावे. ते नसेल तर जास्त सवलतीच्या स्कीमला वरचा क्रमांक द्यावा. वस्तूवर आधीपासून असलेली टक्केवारीची सवलत आणि सभासद ग्राहकाची सवलत कॉम्बोवर पुन्हा लागू द्यायची की नाही, हे प्रत्येक स्कीममध्ये वेगळे ठरवावे लागते; ते न ठरवल्यास एकाच बाटलीवर तीन सवलती चढून ती खरेदी किमतीखाली विकली जाते. खरेदी किमतीखाली विक्री होऊ नये अशी अट बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती सवलतीनंतरच्या दरावर तपासली जाते की सवलतीआधीच्या, हे एक बिल करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सवलत कोणत्या ओळीवर पडते, यावर कर ठरतो

हा भाग मालकांना कंटाळवाणा वाटतो, पण दोष सर्वांत उशिरा आणि सर्वांत महागात कळतो तो इथलाच. सोडायुक्त (कार्बोनेटेड) थंड पेयावर आता ४० टक्के जीएसटी आहे आणि चिप्सवर ५ टक्के. ६० चा माल ५० ला दिला, म्हणजे सवलत १० रुपये. ती किमतीच्या प्रमाणात वाटली तर पेयावर ६.६७ आणि चिप्सवर ३.३३ पडतात. पेय ३३.३३ ला, त्यात कर ९.५२, चिप्स १६.६७ ला, त्यात कर ०.७९, एकूण कर १०.३१. आता तीच १० रुपये सवलत पूर्णपणे चिप्सवर टाकली तर एकूण कर ११.९१ होतो, आणि पूर्णपणे पेयावर टाकली तर ९.५२. ग्राहकाने तिन्ही वेळा ५० च रुपये दिलेले असतात. “सर्वांत स्वस्त वस्तूवर सवलत” हे सेटिंग अनेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच निवडलेले असते, आणि अशा कॉम्बोत त्यामुळे दुकानदार विनाकारण जास्त कर भरत राहतो. उलट मुद्दाम सगळी सवलत जास्त कराच्या वस्तूवर टाकणे तपासणीत टिकवून धरणे अवघड आहे. किमतीच्या प्रमाणात वाटणी हाच समजावून सांगता येण्याजोगा मार्ग आहे.

सवलत विक्रीच्या वेळीच दिलेली असेल आणि बिलावर नोंदवलेली असेल तर ती करपात्र मूल्यातून वजा होते, असे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. “बिलावर नोंदवलेली” हे शब्द महत्त्वाचे आहेत: मूळ किंमत, सवलत आणि निव्वळ किंमत प्रत्येक ओळीवर दिसली पाहिजे. काही दुकानदार झंझट नको म्हणून पेय आणि चिप्स एकत्र बांधतात, “पार्टी पॅक” असा एक नवा आयटम तयार करतात आणि त्यावर ५० रुपये किंमत टाकतात. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकाच किमतीला एकत्र विकल्या की कायद्याच्या दृष्टीने तो मिश्र पुरवठा ठरू शकतो, आणि कलम ८ प्रमाणे त्या सगळ्यावर त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. मग ५० रुपयांत कर १४.२९ होतो. शिवाय घटक वस्तूंचा साठा आपोआप कमी होईल अशी जोडणी केलेली नसेल, तर पेये आणि चिप्स दोन्ही साठ्यात तशीच दिसत राहतात. साबण आणि कपडे धुण्याची पावडर यांची जोडी करणाऱ्यांनीही हे पाहून ठेवावे, कारण साबण ५ टक्क्यांवर आला असला तरी धुण्याची पावडर १८ टक्क्यांवरच आहे.

“एकावर एक मोफत” ची नोंद करताना मोफत वस्तू शून्य किमतीच्या आयटमने दाखवू नये. दोन्ही नग त्यांच्या बारकोडने स्कॅन करावेत, दोन्हींवर किंमत यावी आणि सवलत वेगळी दिसावी. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१९ च्या ९२ क्रमांकाच्या परिपत्रकात अशा ऑफरला एका किमतीत दोन वस्तूंचा पुरवठा मानले आहे आणि त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळते असे म्हटले आहे. नुसत्या भेटवस्तूवर मात्र ती मिळत नाही. बिलातली शून्य रुपयांची ओळ भेटवस्तूसारखी दिसते, म्हणून ती टाळलेली बरी. आपल्या दुकानाच्या मालाबाबत अंतिम निर्णय कर सल्लागाराला विचारूनच घ्यावा, पण त्याच्याकडे जाताना असे एक छापील बिल सोबत न्यावे, म्हणजे बोलणे मुद्द्याचे होते.

परतीचा माल

वरच्या कॉम्बोतले चिप्सचे पाकीट ग्राहक परत घेऊन आला, तर त्याला २० रुपये द्यायचे, १६.६७ द्यायचे की १०? मूळ बिलाचा क्रमांक टाकून परत घेतले तर सॉफ्टवेअर ओळीवरची निव्वळ किंमत, म्हणजे १६.६७ देते. कॉम्बो मोडला म्हणून पेयाचे पूर्ण ४० धरायचे असतील तर १० द्यावे लागतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालेल, पण ती बिलाच्या तळाशी छापलेली असावी. बिल क्रमांकाशिवाय परत घेण्याची मुभा मात्र कॉम्बोच्या मालाला अजिबात ठेवू नये, कारण तिथे सॉफ्टवेअरला सवलतीची माहितीच नसते आणि ते पूर्ण २० रुपये देते; मग ४० चे पेय ग्राहकाला ३० रुपयांत पडते. ज्यांनी जीएसटीची कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची सोय) घेतली आहे, त्यांना बिलावर कर दाखवायचा नसल्यामुळे आधीचा कराचा भाग फारसा लागू होत नाही, पण परतीचा हा प्रश्न त्यांनाही तितकाच आहे.

तारीख, वेळ आणि दोन काउंटर

स्कीमची शेवटची तारीख ३१ टाकली आणि वेळेचा रकाना रिकामा ठेवला, तर काही सॉफ्टवेअर ३१ तारखेच्या रात्री बारापर्यंत स्कीम चालवतात आणि काही ३१ तारीख उजाडताच ती बंद करतात. वेळ नेहमी २३:५९ अशी लिहावी. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यामुळे रात्रभर दुकान उघडे ठेवता येते, आणि पेट्रोल पंपांजवळची स्टोअर तशी चालतात. तिथे सॉफ्टवेअरमध्ये दिवसअखेर (त्या दिवसाचा हिशेब बंद करण्याची क्रिया) केल्याशिवाय व्यवहाराची तारीख पुढे सरकत नाही, पण संगणकाचे घड्याळ सरकते. स्कीम यातली कोणती तारीख पाहते हे रात्री साडेबाराला एक बिल करून तपासावे.

एका काउंटरवर सवलत लागते आणि दुसऱ्यावर नाही, असे झाले तर आधी त्या दुसऱ्या काउंटरचे सिंक (मुख्य संगणकावरून नवी माहिती उतरवून घेणे) कधी झाले ते पाहावे. इंटरनेट गेल्यावर ऑफलाइन चालणारे काउंटर जुन्याच स्कीमवर बिले करत राहते. होल्डवर, म्हणजे अर्धवट बाजूला, ठेवलेले बिलही असेच फसवते: स्कीम बदलण्याआधी होल्ड केलेले बिल पुन्हा उघडल्यावर जुनी सवलत घेऊन येते, म्हणून स्कीम बदलण्याआधी सगळी होल्ड बिले संपवावीत.

दुरुस्तीनंतर चाचणी करताना फक्त पूर्ण कॉम्बोचे बिल करून थांबू नये. एक नग कमी असलेले, एक नग जास्त असलेले, दोन्ही एमआरपी मिसळलेले, स्कॅनचा क्रम उलटा केलेले आणि मधली एक ओळ खोडलेले, अशी बिले करावीत. ओळ खोडल्यावर कॉम्बो मोडतो, तरी सवलत तशीच राहणे हा दोष मला बऱ्याच ठिकाणी दिसला आहे, आणि तो सेटिंगने जात नाही. अशा वेळी ते बिल, स्कीमच्या दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एवढे विक्रेत्याच्या सपोर्टला पाठवावे, आणि दुरुस्ती येईपर्यंत काउंटरवर अशी सूचना द्यावी की कॉम्बोतली वस्तू खोडायची झाल्यास पूर्ण बिल रद्द करून नव्याने करावे. चाचणीची बिले मात्र त्याच दिवशी रद्द करावीत, नाहीतर वितरकाकडे स्कीमचा क्लेम (दिलेल्या सवलतीच्या भरपाईची मागणी) पाठवताना स्कीम कोडनिहाय अहवालात तीही मोजली जातात आणि क्लेमचा आकडा वितरकाच्या नोंदीशी जुळत नाही.